नीन्या दे लोस पेइनेसच्या तबकड्या: कुठून ऐकायला घ्याव्यात, कुठली प्रत टाळावी

पास्तोरा पावोन (१८९०–१९६९) ही दक्षिण स्पेनमधल्या सेविया शहरातली, जिप्सी घराण्यातली फ्लामेंको गायिका. कंगव्यांचा उल्लेख असलेल्या एका तांगोमुळे (हा फ्लामेंकोचा एक गीतप्रकार) तिला नीन्या दे लोस पेइनेस हे नाव पडलं आणि तबकड्यांवरही तेच छापलं गेलं. १९१० ते १९५० या चाळीस वर्षांत तिने गायलेली २५८ ध्वनिमुद्रणं २००४ साली अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने १३ सीडींच्या संचात एकत्र आणली. त्याआधी, १९९०च्या दशकात, याच सरकारने तिचा आवाज सांस्कृतिक वारसा म्हणून अधिकृतपणे जाहीर केला होता. इमारतींना आणि चित्रांना मिळणारा दर्जा एका गळ्याला मिळाला. आपल्याकडे हिराबाई, केसरबाई म्हणतात त्याच मानाने इथे पुढे पास्तोराबाई म्हणतो.

आधी निकाल सांगून टाकतो. पारंपरिक फ्लामेंको, म्हणजे अंदालुसियाची गिटारच्या साथीने चालणारी गायकी, समजून घ्यायची असेल आणि एकाच गायकाच्या ध्वनिमुद्रणांवर भिस्त ठेवायची असेल, तर ती पास्तोराबाईंच्या ध्वनिमुद्रणांवर ठेवावी. दोन कारणं आहेत. बाईंनी फ्लामेंकोचे जवळजवळ सगळे गीतप्रकार गायले, आणि प्रत्येक प्रकार त्याच्या तालात व त्याच्या चालीत इतका नेमका गायला की पुढच्या पिढ्यांनी मापाला तीच पट्टी घेतली. मात्र बाजारातल्या पुष्कळ प्रती अशा अवस्थेत आहेत की त्या ऐकून हे मोठेपण कळणारच नाही. म्हणून गाण्याइतकंच प्रतींबद्दलही लिहावं लागतं.

बाईंबद्दल सांगताना स्पॅनिश कवी लोर्काने १९३३ साली ब्यूनोस आयरिसच्या व्याख्यानात सांगितलेला कादिझच्या दारूच्या गुत्त्यातला प्रसंग हमखास निघतो. बाई सुरेल गातात, कुणी हलत नाही. मग जळजळीत दारूचा पेला रिचवून फाटलेल्या आवाजात गातात आणि सगळे वेडे होतात. प्रसंग जोरकस आहे, पण तो डोक्यात ठेवून तबकड्या लावल्या तर कान भलतंच शोधत बसतात. तबकड्यांवर फाटलेपण क्वचितच आहे. तिथे दिसते ती शिस्त. ओळ कुठल्या मात्रेवर उचलायची, हरकत किती लांबवायची, शेवटचा स्वर कुठे सोडायचा, यातलं काहीच सैल नाही. हरकती छोट्या आहेत आणि ओळीच्या शेवटी त्या खटकन मिटतात. दोन ओळी एका श्वासात जोडून नेणं ही बाईंची मोठी ताकद. तीन मिनिटांच्या मर्यादेत ती फार उपयोगी पडते, कारण मधे श्वासासाठी थांबलं की गिटारला जागा द्यावी लागते आणि वेळ जातो.

मराठी श्रोत्याला इथे एक सोय आयती मिळते. फ्लामेंकोची मुख्य स्वरावली भैरवी थाटाची आहे: कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. फरक असा की विसाव्याच्या जागी गिटारचा स्वरमेळ शुद्ध गंधार घेतो, त्यामुळे शेवटी बसंत मुखारीचा भास होतो. गिटार मध्यमावरून गंधार, रिषभ, षड्ज अशा स्वरमेळांनी उतरते आणि गायकही कोमल रिषभावर थबकून मग षड्जावर येतो. ही रिषभावरची थांबण्याची जागा पकडली की प्रत्येक कडव्याचा शेवट आधीच जाणवू लागतो.

सूर कुठे लागलाय तेही ओळखता येतं. गिटारिस्ट दोन मुख्य ठेवणींतून वाजवतात. पोर आरीबा म्हणजे ई स्वरमेळावरून, पोर मेदियो म्हणजे ए स्वरमेळावरून. गळ्याला हवी ती पट्टी सेहिया, म्हणजे तारा दाबून धरणारी चिमटी, पुढेमागे सरकवून मिळते. पोर आरीबा ठेवणीत सेहिया दुसऱ्या पडद्यावर असेल तर षड्ज काळी तीनवर येतो. पोर मेदियो ठेवणीत तिसऱ्या पडद्यावर असेल तर पांढरी एकवर.

तालाची गोष्ट थोडी अवघड आहे. सोलेआ, सेगिरिया आणि पेतेनेरा हे तिन्ही गीतप्रकार बारा मात्रांचे. एकतालाची सवय असलेला कान इथे अडखळतो, कारण वजन सारख्या अंतराने पडत नाही. मूळ साचा तीन-तीन-दोन-दोन-दोन असा आहे. पेतेनेरा तो सरळ पहिल्यापासून म्हणते: वजन १, ४, ७, ९, ११ वर. सोलेआत मोजणी अशी करतात की वजन ३, ६, ८, १० आणि १२ वर येतं, आणि कडवं दहाव्या मात्रेवर मिटतं. सेगिरिया हाच साचा मधूनच उचलते, म्हणून तिथे दोन-दोन-तीन-तीन-दोन असं ऐकू येतं. पहिल्या दिवशी मोजायला बसू नये. सोलेआत गिटारची दहाव्या मात्रेवरची बंद करणारी थाप ओळखावी, बाकीचं हळूहळू जागेवर बसतं. मालागेन्या, ग्रानाइना, तारान्ता या प्रकारांत गाण्याला ताल नसतो. आलापासारखं मोकळं गायचं असतं. तिथे मोजत बसलात तर उगाच चुकल्यासारखं वाटेल.

सुरुवात तांगोंनी करावी. अर्जेंटिनाच्या नाचाशी याचा संबंध लावू नये. हा अंदालुसियाचा चार मात्रांचा प्रकार. पहिली मात्रा बहुधा मोकळी सुटते आणि टाळ्या दुसरी, तिसरी, चौथी धरतात. या मोकळ्या जागेवर बाई जे करतात ते इतर कुणाला तितकं साधलेलं नाही, असं फ्लामेंकोचे जाणकार सांगतात आणि तबकड्या त्याला दुजोरा देतात. शब्द मात्रेच्या किंचित मागे ठेवायचा, ओळीच्या मध्यावर तो तालाला गाठायचा आणि शेवटचं अक्षर बरोबर वजनावर टाकायचं. लय कुठेही पळत नाही. तांगोचा संथ भाऊ म्हणजे तिएंतोस. जुन्या लेबलांवर या दोन्हींची नावं काटेकोर वापरलेली नाहीत, म्हणून छापील नावापेक्षा लयीवर विश्वास ठेवावा.

दुसरी थांबायची जागा पेतेनेरा. स्पेनमध्ये हा प्रकार अपशकुनी मानतात आणि पुष्कळ जिप्सी गायक तो टाळत आले. बाईंनी तो टाळला नाही, उलट आज जी मोठी पेतेनेरा गायली जाते ती मुख्यतः त्यांच्यामुळे टिकली. चालीचं श्रेय हेरेस गावच्या मेदिना एल व्हिएहो या गायकाला दिलं जातं आणि बाईंच्या आधीच्या पिढीतला गायक आंतोनियो चाकोन याच्या हातून ती पुढे आली असं मानतात. सगळ्या जगालाच नाकारून नव्या जगात सत्य शोधायला निघावं, अशा अर्थाचं जे कडवं बाईंनी गायलं, ते पहिलंच ऐकावं. एक लांब ओळ वर चढते, तिथेच पुन्हा फिरते आणि मग सावकाश उतरते. चढताना आवाजाचा दाब वाढत नाही, फक्त धार येते. खराब प्रतीत नेमकी हीच धार जाते आणि उरतो तो नुसता उंच स्वर.

सोलेआ आणि सेगिरियाकडे जाताना एक लक्षात ठेवावं. सोलेआ ही एक चाल नव्हे. गावागावाच्या आणि जुन्या गायकांच्या नावाने चालत आलेल्या छोट्या चालींचा तो गुच्छ आहे. एका तबकडीवर बाई बहुधा तीन-चार कडवी घेतात आणि प्रत्येक कडवं वेगळ्या चालीचं असू शकतं. ला सेर्नेता या जुन्या गायिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोलेआंच्या चाली बाईंकडून फार नितळ ऐकायला मिळतात. तीन ओळींचं कडवं असेल तर दुसरी-तिसरी ओळ पुन्हा घेतली जाते. दुसऱ्या खेपेला हरकत बदलते, तीच ऐकण्याची गोष्ट. सेगिरियाचं कडवं चार ओळींचं, त्यातली तिसरी जवळपास दुप्पट लांब. ती ओळ एका दमात कशी पेलली जाते यावर सेगिरियाची परीक्षा होते. बाईंच्या सेगिरिया काही जाणकारांना गायक मान्वेल तोर्रेच्या किंवा बाईंचा धाकटा भाऊ तोमास याच्या सेगिरियांहून कमी काळोख्या वाटतात. हे मत मान्य करावं लागतं. पण रचना शिकायची असेल तर बाईंचीच तबकडी लावावी, कारण प्रत्येक ओळीचा सांगाडा स्वच्छ दिसतो.

मालागेन्या, ग्रानाइना, तारान्ता, कार्ताहेनेरा या मुक्त प्रकारांत चाकोनची छाया स्पष्ट आहे. गळा मोठा आहे, स्वर पक्के आहेत, तरी या तबकड्या क्रमाने मागे ठेवाव्यात. या प्रकारांना वेळ लागतो आणि २५ सेंटीमीटरच्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासच मिळतात. सुरुवातीचा ‘आय’चा आलाप छाटलेला असतो, शेवट घाईने येतो. बुलेरियासचं उलट आहे. प्रकारच चपळ असल्यामुळे तीन मिनिटं त्याला पुरून उरतात. पवित्र सप्ताहात मिरवणुकीतल्या मूर्तींना उद्देशून गिटारविना गायली जाणारी साएता बाईंनी ध्वनिमुद्रित केली आहे. ती एका बैठकीत एकच ऐकावी.

आणि बांबेरा. हे मूळचं झोपाळ्यावरचं लोकगीत. नागपंचमीला झाडाला झोके बांधून आपल्याकडे बायका गातात त्याच जातीचं. बाईंनी ते फ्लामेंकोत आणलं. कारकिर्दीच्या अखेरच्या काळातली ही तबकडी, आवाज खाली आलेला, गडद झालेला, आणि गाणं अगदी साधं. एका लोकगीताला फ्लामेंकोचा गंभीर प्रकार करायला किती थोडं करावं लागतं, हे इथे कळतं. पुढच्या गायकांनी बांबेरा सोलेआच्या तालात बसवली. तिथून ऐकायला सुरुवात केली असेल तर मूळ तबकडी अनोळखी वाटते. मूळ आधी ऐकावी.

सगळं सोनं आहे असं मात्र नाही. १९२०–३०च्या दशकांत बैलांच्या झुंजींच्या आखाड्यांत हजारोंपुढे गाण्याची चाल आली आणि फांदांगो या गीतप्रकाराची लाट उसळली. कंपन्यांना ते हवे होते, बाईंनी ते गायले. त्यांतले पुष्कळ एकमेकांसारखे आहेत. त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांना बुलेरियासचा ताल लावून केलेल्या तबकड्याही आहेत. मजेदार आहेत, पण बाईंचं मोठेपण त्यांवर तोलू नये. सलग २५८ ऐकायची तर सुमारे १३ तास लागतात. ओळीने ऐकायला बसणाऱ्याला याच ढिगामुळे कंटाळा येतो.

साथीदारांकडे नीट लक्ष द्यावं. रामोन मोंतोया, लुईस मोलिना, नीन्यो रिकार्दो, मेल्चोर दे मार्चेना: अर्ध्या शतकाच्या गिटारवादनाचा इतिहास या एका गळ्यामागे उभा आहे. मोंतोया गोल, भरलेल्या फाल्सेता, म्हणजे कडव्यांमधल्या गिटारच्या जागा, वाजवतो. रिकार्दो अधिक गजबजलेला, अंगठ्याचा जोर मोठा. १९४०च्या दशकातला मेल्चोर कमी वाजवतो. दोन स्वर टाकून थांबतो आणि बाईंना पुढे येऊ देतो. बाईंच्या गडद झालेल्या आवाजाला ही साथ सगळ्यांत शोभते. जुन्या तबकड्यांवर गिटार इतकी पुसट का, याचं उत्तर मात्र वादकात नाही, यंत्रात आहे.

१९२५पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. त्या कर्ण्यात साधारण २०० ते २,००० हर्ट्झ आणि त्याच्या थोडं वर एवढंच शिरायचं. गिटारची सगळ्यांत जाड तार ८२ हर्ट्झची. तिचा मूळ स्वर तबकडीवर उतरतच नाही, फक्त वरचे अंश ऐकू येतात. मायक्रोफोन आल्यावर, म्हणजे स्पेनमध्ये १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, अंगठ्याची तार, नखांचा आघात आणि श्वास हे तिन्ही उघडतात. म्हणून नव्या श्रोत्याने १९१०च्या तबकड्यांनी सुरुवात करू नये. गौहरजान आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर कान तयार झालेल्यांना हे सांगायला नको. झोनोफोन आणि ओडियन ही लेबलं तर दोन्हीकडे सारखीच होती.

आता सगळ्यांत मोठी अडचण: वेग. ‘७८’ हा आकडा सर्वत्र छापला जातो, पण कर्ण्याच्या काळात कंपन्या मिनिटाला ७० ते ८०हून अधिक फेऱ्यांपर्यंत कुठल्याही वेगाने ध्वनिमुद्रण करत. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी पुढे प्रमाण ठरलेल्या ७८.२६ने वाजवली तर ५.८ टक्के वेग वाढतो. म्हणजे जवळजवळ पूर्ण अर्धस्वर: पांढरी एकची काळी एक होते, तीन मिनिटांचं गाणं दहा सेकंदांनी आखडतं. आवाज मुलीसारखा पातळ होतो, हरकती थरथराटासारख्या वाटतात, गिटारचा रास्गेआदो, म्हणजे बोटं उलगडत तारांवरून फिरवण्याचा घाव, खडखडतो. अनेकांना बाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘चिरक्या’ वाटतात त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

ही चूक ट्यूनरने पकडता येत नाही, आणि याचं कारण सेहिया. ती अर्ध्या स्वराच्या टप्प्यांनी सरकते, त्यामुळे अर्धस्वराने चढलेली तबकडी ‘सेहिया एक पडदा पुढे’ अशीच ऐकू येते. पाव स्वराचा फरक दिसला तर शंका घ्यावी, पण त्या काळी गिटार ठरावीक ४४० हर्ट्झला लावत नसत, म्हणून तोही पुरावा पक्का नव्हे. उपयोगी पडणारी रीत अशी. एकाच तबकडीच्या दोन प्रती शोधाव्यात आणि लांबी ताडून पाहावी. एक २:५० आणि दुसरी ३:०० भरत असेल, आणि सुरुवात-शेवट कापलेला नसेल, तर निदान एक चुकीच्या वेगाची आहे. मग मायक्रोफोनच्या सुरुवातीच्या काळातल्या दुसऱ्या तबकडीवरचे बाईंचे ‘आ’ आणि ‘ए’ ऐकावेत आणि कुठली प्रत त्या गळ्याशी जुळते ते ठरवावं. दुरुस्ती ऑडॅसिटीसारख्या प्रणालीत होते. वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारी सोय वापरावी. वरच्या उदाहरणात उणे ५.४ टक्के. फक्त स्वर किंवा फक्त लय बदलणारी सोय वापरली तर चूक अर्धीच जाते आणि वर कृत्रिम खरखर येते.

दुसरी खराबी सफाईची. तबकडीची सळसळ घालवताना ‘स’चे उच्चार, श्वास आणि नखांचा आघातही पुसले जातात; आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यावर प्रतिध्वनी आणि खोटा स्टिरिओ चढवला की झालं. सळसळ ठेवलेली प्रत नेहमी चांगली. पाच मिनिटांत कान तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. स्टिरिओ फाइल मिळाली तर दोन्ही बाजू एकत्र करून मोनो करावी, खाचेतला उभा खरखराट बराच कमी होतो. मूळ तबकडी हाती असेल तर एलपीची बारीक सुई चालत नाही. ती सुमारे १८ मायक्रॉनची, ७८च्या खाचेला ७६च्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि फक्त घाण वाजवते. कर्ण्याच्या काळातल्या तबकडीवर एलपीसाठीचा आरआयएए वक्र, म्हणजे वाजवताना खालच्या-वरच्या स्वरांचा तोल बदलणारी सोय, हीही लावू नये, खालचे स्वर फुगतात आणि वरचे दबतात.

घ्यायचं काय? १३ सीडींचा संच जुन्या बाजारात परवडेल अशा किमतीला मिळाला तर घ्यावा. सगळं काम एका जागी आहे आणि तीच चाल चाळीस वर्षांत कशी बदलली हे त्याशिवाय ताडता येत नाही. १९६३पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवर युरोपात कंपन्यांचे हक्क उरलेले नाहीत, त्यामुळे कुणीही संकलन काढू शकतो आणि काढतोही. स्ट्रीमिंगवर तीच तबकडी चार नावांनी दिसते, कधी पहिल्या ओळीच्या नावाने, कधी प्रकाराच्या नावाने. गिटारिस्टचं नाव आणि ध्वनिमुद्रणाचं साल न देणारं संकलन सोडून द्यावं. ज्याने तेवढं शोधलं नाही त्याने वेगही तपासलेला नसतो.

ऐकण्याचा क्रम म्हणून: १९२०च्या उत्तरार्धानंतरचे दोन-तीन तांगो, मग पेतेनेरा, मग मेल्चोरच्या साथीच्या सोलेआ, त्यानंतर सेगिरिया आणि बांबेरा. इथवर कान बसला की १९१०च्या तबकड्यांकडे वळावं, तेही वेग दुरुस्त करून. सोलेआ आणि सेगिरियांनी धरून ठेवलं तर तोमास पावोनच्या सापडतील तेवढ्या तबकड्या घ्याव्यात. त्या मोजक्याच आहेत आणि मेल्चोर तिथेही साथीला आहे.